बाबांजवळ उरलेला शब्द

देवळी
३ नोव्हेंबर २०२४

अश्विन,

जय भीम.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात आणि तशाच पडून राहतात. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र फाडायचं तरी ते आधी हातात घ्यावं लागतं, आणि तेवढ्यात वरच्या दोन ओळी वाचून होतात. म्हणून सांगायचं ते आधीच सांगते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचले. उजवा हात आणि पाय गेला, आणि बोलणं गेलं.

मोहिनीला मी त्याच दिवशी कळवलं होतं. बिचारी रडली. "ताई, मी सांगते यांना" म्हणाली. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. तुम्हा नवराबायकोत माझ्यामुळे भांडण नको.

गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली होती. बाबा त्यांना खाऊ द्यायला उठले आणि उंबऱ्यातच बसले. शेजारच्या तानबा काकांनी ऑटो बोलावला आणि सावंगीच्या दवाखान्यात नेलं. मी सिंदीला शाळेत शिकवत होते. पोचले तेव्हा नळ्या लागलेल्या होत्या.

बोलणं गेलं म्हणते, पण अगदीच गेलं नाही. एक शब्द राहिला आहे. शुद्धीवर आल्यावर मी वाकून विचारलं, "बाबा, मले ओळखलं का?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि खणखणीत म्हणाले, "कारंजं."

मला वाटलं, गुंगीत आहेत. दुसऱ्या दिवशीही कारंजं. भूक लागली तरी कारंजं, लघवीला जायचं तरी कारंजं. नर्स आली की कारंजं, गेली की कारंजं. ऐकतात सगळं, समजतंही बरंच, पण तोंडातून दुसरं काही निघत नाही. आणि हे त्यांचं त्यांनाही कळतं. शब्द बाहेर पडला की दचकतात, मान झटकतात, पुन्हा जोर लावतात आणि पुन्हा तेच निघतं. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला बघवत नाही.

मी आता देवळीलाच राहते. सकाळी त्यांचं सगळं आवरते, एस.टी.ने वर्धा, तिथून रेल्वेगाडीने सिंदी, शाळा, आणि तसंच परत. दिवसा काका-काकू बघतात. अनुप आणि लेक सिंदीच्या घरी आपलं आपण करून घेतात. यामिनीचं बारावीचं वर्ष आहे.

मी तुला ये म्हणत नाही. चार वर्षांपूर्वी आईला मुंबईच्या दवाखान्यात नेलं असतं तर ती जगली असती असं तुझं म्हणणं. "तुमीच मारलं तिले," असं तू स्मशानात चार माणसांसमोर म्हणालास. बाबा म्हणाले, "माह्या दारी पाय ठेवू नको आता." तो शब्द दोघांनीही पाळला.

तू तेव्हा एकच विचारत होतास, काऊन नाही नेलं. ते काही बोलले नाहीत. पुढे कधी बोलतील असं मला वाटायचं. आता त्यांनी मनात आणलं तरी त्यांच्याजवळ हा एवढाच शब्द आहे. एवढंच तुला कळावं म्हणून लिहिलं.

भावनाताई


देवळी
२४ नोव्हेंबर २०२४

अश्विन,

जय भीम.

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं, वाचून घडी करून कपाटात ठेवलं, एवढं मोहिनीने सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. मी पिच्छाच पुरवला होता.

आमच्या इथे काय चाललंय ते वाचून तुला हसू येईल. सगळे मिळून बाबांच्या शब्दाचा अर्थ लावत बसलो आहोत. पहिल्यांदा मला वाटलं, पाणी मागतात. कारंजं म्हणजे पाणीच ना. मी पेला तोंडाला लावला, त्यांनी डाव्या हाताने उडवून दिला. मग काकू म्हणाल्या, "अवं, करंजी म्हणून राह्यले असतील. कांताच्या हातची लय आवडे त्याईले." आपल्याकडे दिवाळी नाही, पण आई फराळ करायचीच. मी शाळेतून येऊन करंज्या तळल्या. त्यांनी खाल्ल्या, दोन खाल्ल्या, आणि बोट चाटून म्हणाले, "कारंजं." समाधानाने म्हणाले की आणखी काही हवं होतं, कळलं नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी करंजाचं तेल आणून दिलं. पायाला चोळा म्हणे, तेच मागत असतील. आठवडाभर घरात तो कडू वास होता. बाबा नाक मुरडून कारंजं कारंजं करायचे.

मग एका रविवारी तानबा काकांनी छातीवर हात मारून सांगितलं, "भावना, हे काई खायचं-प्यायचं नोय. प्रेमदासची पहिली नोकरी कुठं होती? कारंज्याले. घाडग्याच्या कारंज्याले, पाटबंधाऱ्याच्या हापिसात. तिथंच जीव अडकला याचा. एक डाव नेऊन आणू."

मला पटलं. थकलेल्या माणसाला काहीही पटतं. काकांच्या पुतण्याची गाडी घेतली, बाबांना मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. रस्ताभर ते खिडकीतून बघत होते, सोयाबीन निघालेली रानं, वेचणीला आलेला कापूस. कारंज्याच्या बसस्टँडसमोर गाडी उभी केली आणि काका म्हणाले, "पाह्य प्रेमदास, आलं तुहं कारंजं."

बाबांनी पाटीकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपण लहानपणी गणित चुकवलं की बघायचे ना, तसं. आणि हसायला लागले. आजारपणानंतर पहिल्यांदा. अर्धं तोंड हलत नाही, त्यामुळे हसणं वाकडं येतं, पण थांबेचना. काकाही हसायला लागले, पुतण्याही. हसता हसता बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते हसण्याचंच होतं की आणखी कशाचं, सांगता येत नाही. आम्ही चहा घेतला. टपरीवरच्या भज्यांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "कारंजं." भजी घेऊन दिली आणि परत आलो.

शाळेत मी शब्दकोश काढून बसले. उंच उडणारं पाणी, हौद, झरा, उगम. इंग्रजीच्या कोशात 'फाउंटन'पुढे हे सगळं आहेच, आणि 'फाउंटन पेन'ला, म्हणजे शाईच्या पेनला, झरणी. तुला आठवत असेल, बाबा हट्टाने झरणीच म्हणायचे. दुकानात जाऊन झरणी मागायचे, दुकानदार तोंडाकडे बघत राहायचा. मी त्यांची झरणी शाई भरून डाव्या हातात दिली. पुढे पाटी ठेवतात तसा कागद ठेवला. त्यांनी एक रेघ ओढली. मग कागद फाटेपर्यंत त्याच रेघेवर गिरवत राहिले. मी झरणी काढून घेतली.

शेवटी तो फोटो दाखवला, वर्ध्याच्या बागेतल्या कारंज्यापुढचा आपला चौघांचा. तू पाण्यात हात घालून बसला आहेस, आईने मागून तुझी चड्डी धरली आहे. बाबांनी आईच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "कारंजं." सापडलं म्हटलं, हेच होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. त्यांनी तिकडे मान वळवली आणि म्हणाले, "कारंजं."

मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

ताई


देवळी
१५ डिसेंबर २०२४

अश्विन,

जय भीम.

आता बाबांना दर शनिवारी सावंगीला न्यावं लागतं, बोलण्याच्या उपचारासाठी. तिथे मैत्रेयी मॅडम म्हणून आहेत, आपल्या यामिनीपेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठी असेल मुलगी. मी तिला आमच्या सगळ्या शोधाची हकीगत सांगितली. करंज्या, तेल, कारंजा गाव, शब्दकोश, फोटो. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, त्या शब्दाला अर्थ नाहीये. तो अडकलाय फक्त. झटक्यानंतर कुणाचं 'हो हो' अडकतं, कुणाची शिवी अडकते. एका आजोबांचा 'मंगळवार' अडकला होता. मेंदूला जे हाताशी लागलं ते. तुमच्या बाबांना हे लागलं."

"मग ते काहीच म्हणत नाहीत?" मी विचारलं.

"खूप म्हणतात. तुम्ही शब्दात शोधताय. सूर ऐका."

खरं सांगू, मला आधी राग आला. इतके दिवस मी काय काय तळलं, कुठे कुठे हिंडवलं त्या माणसाला. पण घरी येऊन ऐकायला लागले. आखूड आणि तुटक आलं की लघवी. शेवट वर उचलला की चहा. एकाच सुरात लागोपाठ आलं की पाय दुखतोय. मी तयार होऊन दारात उभी राहिले की दोनदा, खालच्या आवाजात. ते 'सांभाळून जाजो' आहे. त्यात शंका नाही, कारण आईच्या मागे मी देवळीहून परत निघाले की ते दरवेळी तेच म्हणायचे. इतके दिवस ज्यांना मी मुकं समजत होते, ते दिवसभर बोलत होते. मीच ऐकत नव्हते.

पण कळायला लागलं म्हणजे काम हलकं झालं असं नाही. वाढलं. पूर्वी कळत नाही म्हणून सोडून देता यायचं. आता सगळंच कळतं. त्यांना कंटाळा आला ते कळतं, माझ्या हाताला घाई आहे म्हणून ते चिडले ते कळतं.

मागच्या आठवड्यात मी गाडीत झोपले. सिंदी आली आणि गेली. डोळे उघडले तर बुटीबोरी. उतरले आणि बाकावर बसून राहिले. परतीची गाडी यायची होती. शाळेत फोन करावा, एवढंही सुचलं नाही. तिथे बसून मला फार बरं वाटत होतं, अश्विन. कोणालाच माहीत नव्हतं मी कुठे आहे.

अनुप चांगला माणूस आहे. पण परवा तोही म्हणाला, "भावना, असं किती दिवस?" ओरडला नाही. हळूच म्हणाला. त्याने ओरडायला हवं होतं, मला भांडता आलं असतं.

आणि मग गुरुवारी तुझा फोन आला. चार वर्षांनी तुझं नाव दिसलं फोनवर. तू ना खुशाली विचारलीस, ना काही. नुसतं म्हणालास, "ताई, दे त्याईले." मी फोन बाबांच्या कानाला लावला. तू "बाबा" म्हणालास, मला बाहेर ऐकू आलं. मग त्यांनी विचारल्यासारखं केलं, "कारंजं?" मग ते पुन्हा म्हणाले, पण अगदी खाली, जवळजवळ नुसता श्वास. आणि तू फोन ठेवलास.

त्यांनी ओळखलं नाही असं तुला वाटलं असेल. ते तुझं नाव घेत होते असं मी लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण मला ते माहीत नाही आणि मी खोटं लिहिणार नाही. एवढं सांगते की तो सूर मी आजवर ऐकला नव्हता. मला नाही, काकांना नाही, कुणालाच त्यांनी तो लावला नव्हता. फोन बंद झाल्यावरही त्यांनी माझा हात कानापासून सोडला नाही.

पहिल्या पत्रात मी ये म्हटलं नव्हतं. आता म्हणते. बाबांसाठी नाही, त्यांचं तुझं तुम्ही बघा. माझ्यासाठी ये. मी थकले रे.

ताई


देवळी
१२ जानेवारी २०२५

अश्विन,

जय भीम.

सुखरूप पोचल्याचा मेसेज मिळाला. पण तुला माहीत नाही असं एक आहे, ते सांगून टाकते. तू आलास त्या दिवशी मी शाळेतून लवकर निघाले होते. देवळीला उतरतानाच काकांचा फोन आला, "अश्विन आला वं, आत गेला." मी अंगणात आले तेव्हा तुमचं चालू होतं. मी आत आले नाही. दाराबाहेर चपला काढून तिथेच उभी राहिले. सगळं ऐकलं, आणि दाराच्या फटीतून थोडं पाहिलंही.

बाबा तुला आधी शिव्या घालत होते. शब्द एकच, पण शिव्याच होत्या. मोठा आवाज, मग आणखी मोठा. तू खाली मान घालून बसला होतास. मग तूही उसळलास. "हो, म्हणलं म्या. तुमीच मारलं म्हणलं. मले का मालूम नाई काय म्हणलं ते?" बाबा त्यावर कारंजं म्हणाले, तू त्यावर आणखी काही. बाहेरून जाणाऱ्याला वाटलं असतं, हे घर वेडं झालं आहे. मला मात्र वाटत होतं, चालू दे. हे भांडण स्मशानात व्हायला हवं होतं. तिथे एकेक वाक्य बोलून दोघं घरी गेलात.

मग तुझा आवाज उतरला. तू म्हणालास, "बाबा, मले एकच सांगा. काऊन नाई नेलं आईले?"

मी फटीला डोळा लावला. बाबांनी डाव्या हाताने खाटेची कड धरली आणि जरा वर सरकले. आणि बोलायला लागले. चिडून नाही. सावकाश. पहिल्यापासून सांगतात तसं. बोटांवर काहीतरी मोजलं. आईची खाट असायची त्या कोपऱ्याकडे हात केला, मग बाहेर रस्त्याकडे केला, दूर कुठेतरी. मधेच अडले, आठवलं, पुढे गेले. एकदा मान आडवी हलवली, कुणी नको म्हणतं तशी. ते आईचं नको होतं की त्यांचं, मला दारातून कळलं नाही. छातीवर हात ठेवला. रडले, नाक पुसलं, आणि पुन्हा बोलले, राहिलेलं सगळं संपवायचं असल्यासारखं. कारंजं, कारंजं, कारंजं. चार वर्षांत त्यांनी मला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. तुला त्यांनी सगळं सांगितलं.

तू हललाही नाहीस. त्यांच्या तोंडाकडे बघत होतास. संपल्यावर ते तुझ्याकडे बघत राहिले. आणि तू म्हणालास, "समजलं, बाबा."

त्यांनी विचारलं, म्हणजे सूर विचारल्याचा होता. तू पुन्हा म्हणालास, "समजलं. सप्पा समजलं."

तुला काही समजलं नव्हतं, अश्विन. मी रोज ऐकते, मलाही समजलं नाही. तू त्यांच्या तोंडावर खोटं बोललास. मला वाटतं, जन्मात तू याहून चांगलं काही केलं नसशील. त्यांनी केवढा श्वास सोडला ते तू पाहिलंसच. डोक्यावरचा भारा उतरवलेल्या माणसासारखे दिसले मला. आणि समजलंच असेल तुला खरोखर, तर ते तुझ्याजवळ ठेव. माझ्या हातात आता आणखी काही धरायला जागा नाही.

मग ते शेवट वर उचलून म्हणाले, "कारंजं." तू गोंधळलास. तेव्हा मी आत आले, आताच येते आहे असं दाखवत, आणि म्हणाले, "चहा मागून राह्यले."

चहा पिताना तू म्हणालास, "ताई, मी नेतो त्याईले माह्याकडं, वापीले. खालच्या मजल्यावर घर पाह्यतो." मी वरवर म्हटलं, "पाहू, कशाला घाई." ते खोटं होतं. त्या क्षणी मला तुझे पाय धरावेसे वाटले.

ताई


सिंदी (रेल्वे)
२ मार्च २०२५

अश्विन,

जय भीम.

मैत्रेयी मॅडमनी बाबांच्या बोलण्याच्या उपचारासाठी वापीतल्या एका बाईंचं नाव दिलं आहे, ते मोहिनीला पाठवलं. व्यायाम चुकवू नका. पाणी चमच्याने पाजा, पेल्याने ठसका लागतो. डाव्या कुशीवर त्यांना झोप लागत नाही. सूर मी तुला सांगितले आहेत, पण ते पाठ करून उपयोग नाही. तुझ्याकडे ते वेगळेच काही लावतील.

वर्ध्याला गाडी सुटताना ते खिडकीतून मला काहीतरी म्हणाले, आठवतं? डब्यातल्या त्या बाईने डोळे पुसले. निरोप घेतात असं तिला वाटलं. आखूड आणि तुटक होतं ते. त्यांना लघवीला जायचं होतं. मी गाडीबरोबर चालत तुला ओरडून सांगितलं. ऐकू आलं की नाही कोणास ठाऊक.

देवळीच्या घराची किल्ली काकांकडे दिली. काका कुलूप लावताना म्हणाले, "सुनं वाटीन आता." त्यांच्या ओसरीवर आता पत्ते खेळायला चौथा माणूस नाही. खरं तर मला काहीच वाटत नव्हतं. एस.टी.त बसले, गाडीत बसले, या वेळी सिंदीलाच उतरले.

घरी आले तेव्हा यामिनी पेपरचा अभ्यास करत होती. अनुपने भांडी घासून ठेवली होती. तो म्हणाला, "काय खाशील? काय करू तुह्यासाठी?"

मला काय आवडतं, काय हवं आहे, काहीच डोक्यात येईना. तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिले. त्याने घाई केली नाही. हातात पातेलं घेऊन थांबून राहिला. मी खुर्चीवर बसले आणि रडले. यामिनी आतून धावत आली. मग त्यानेच खिचडी टाकली.

आता एक मागते, ते ऐक. महिनाभर मला फोन करू नकोस. बाबा कसे आहेत ते मला कळवू नकोस. जेवले, नाही जेवले, पडले, हसले, काही नको. तसंच काही झालं तर अनुपला सांग, मला केव्हा सांगायचं ते तो ठरवेल. सगळे म्हणतात, मुलगी असावी तर भावनासारखी. महिनाभर मला तसं राहायचं नाही.

ते माझ्याबद्दल विचारतील. संध्याकाळी विचारतील, माझी यायची वेळ झाली की. तो सूर तुला शिकवावा लागणार नाही. दाराकडे बघून विचारतील तेव्हा चहा देऊ नकोस, टीव्ही लावू नकोस. त्यांच्याजवळ बस आणि सांग, ताई झोपली आहे.

भावना